गुणवंतरावांचे नापास रंग

पेन्सिल विकत घेण्याआधी ती म्हशीला लावून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गुणवंतराव, कारंज्यातले माझे शेजारी. कापसाची दलाली सोडून उतारवयात ते चित्रकलेकडे वळले होते. दुकानदाराच्या हातून काळी पेन्सिल घ्यायची, समोर बांधलेल्या म्हशीच्या पाठीशी धरायची आणि मान हलवायची.

"नाही जमत. तांबूस हाय."

"पेन्सिल का म्हैस?" दुकानदार वैतागून विचारी.

"दोघी. पन म्हशीले शोभते."

लढाईमुळे विलायती माल येणं बंद झालं होतं. दुकानातली रंगीत पेन्सिलींची शेवटची पेटी त्यांनीच उचलली, आणि तिच्यातले रंग एकेक करून नापास करायला सुरुवात केली. अंगाचा रंग म्हणून एक गुलाबी पेन्सिल होती. "हा कोन्या मानसाचा रंग हाय? उकडलेल्या?" ती पहिली गेली. मग पिवळी, मग आकाशी. दर खेपेला ओट्यावर बसून ते निकाल जाहीर करत. "पिवळ्याले वजनच नाही." "आकाशी म्हंजे नुसता देखावा." जाणारे-येणारे माना डोलवत. मला त्यात कला दिसत नसे. दलाल माणूस; कापसात खोट काढायचा, आता रंगांत काढतो, एवढंच.

खरी परीक्षा मात्र घरात होई. त्यांच्या बायकोची, सरूबाईंची, नजर जात चालली होती. डोळ्याची नस सुकते आहे, इलाज नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांचं बाहेर पडणं थांबलं, तेव्हापासून गुणवंतराव बाजार कागदावर काढून घरी आणू लागले. आधी कोपऱ्यात एक रेघ ओढायची आणि विचारायचं, "हा दिसते का तुले?" त्या नाही म्हणाल्या की तो रंग बाद. ओट्यावरचं कारण मागाहून तयार होई.

शेवटी पेटीत काळा, लाल आणि गर्द हिरवा उरला. "तीन पुष्कळ झाले," ते मला म्हणाले. या खेपेला त्यांनी कारण दिलं नाही.

एकदा मी बसलेलो असतानाच त्यांनी बैलबाजाराचं चित्र पुरं करून सरूबाईंच्या हातात दिलं. सगळं काळ्या पेन्सिलीनं काढलेलं. सरूबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ धरला. उलटा.

"दिसते का व?"

"दिसते ना! न दिसाले काय झालं?" त्या म्हणाल्या. "आभाय लय लाल केलं तुमी. सांज झाली वाट्टे."

चित्रात आभाळ नव्हतंच. बैलांच्या वरची सगळी जागा कोरी होती.

रंगावरून साऱ्या बाजाराशी हुज्जत घालणाऱ्या या माणसाकडे मी पाहायचं टाळलं.

"हो, सांजच हाय," गुणवंतराव म्हणाले. "आन इकडं, जपून ठेवतो."

त्यांनी कागद घेतला, सरळ केला, लाल पेन्सिल उचलली, आणि आवाज होऊ नये इतक्या हलक्या हातानं ती कोरी जागा भरू लागले.