त्रेचाळीस इंचांचा हट्ट

"या घरात इथून पुढं केबल दिसली, तर सहादेव म्हस्के नाव लावणार न्हाई!"

ही घोषणा सहादेवने गुरुवारी संध्याकाळी अंगणात उभं राहून केली आणि गल्लीतल्या अकराही घरांनी ती आपापल्या घरात बसून ऐकली. ऐकू जाणारच! श्रीगोंद्याजवळच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसून उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांवर ओरडण्यात त्याचे वीस हंगाम गेले होते. घरात साधं पाणी मागितलं तरी शेजारचा माणूस तांब्या घेऊन उठायचा.

रागाचं कारण सुनील. सुनील म्हणजे गावचा केबलवाला, आणि दुर्दैव असं की तोच सहादेवच्या बायकोचा, भागिरथीचा, सख्खा धाकटा भाऊ. महिन्यातून एकदा यायचा, पलंगावर मांडी ठोकायचा, दोन कप चहा प्यायचा आणि जाता जाता म्हणायचा, "दाजी, तुमचं कुस्तीचं चॅनल दुसऱ्या पॅकमदी गेलं बरं का." कधी बातम्या जायच्या, कधी जुने सिनेमे जायचे. राहायची ती कढया विकणारी चॅनलं! केबलवाला म्हणून त्याला शिव्या द्याव्यात तर तो मेहुणा, आणि मेहुणा म्हणून गप्प बसावं तर तो केबलवाला. सहा वर्षं सहादेवचं रक्त असं आतल्या आत आटत होतं.

आणि आता तर हद्दच झाली होती. सहादेवची मुलगी दिशा नगरला कॉलेजात होती. तिची जिल्ह्याच्या कबड्डी संघात निवड झाली होती आणि राज्य पातळीवरची स्पर्धा नगरलाच होती. रविवारी पाच वाजता सेमी फायनल. सुनीलच्या दोनशे चॅनलांत ती एकाही ठिकाणी दिसणार नव्हती!

"ते युट्यूबवर असतंय, दाजी. केबलवर न्हाई येत," सुनील चहा फुंकत म्हणाला.

"मग तुझी केबल काय कपडे वाळत घालायला ठिवू?"

तिथून ती घोषणा झाली. दुसऱ्याच दिवशी नगरच्या एका कंपनीचा माणूस येऊन इंटरनेटची बारीक काळी तार ओढून गेला. भिंतीवर त्रेचाळीस इंची टीव्ही चढला. दिशाचा फोन आला तेव्हा सहादेव त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"पप्पा, तुमी मॅचला येनार ना?"

"येऊन काय करू? तिथं लांबून तू मुंगीएवढी दिसनार. इथं त्रेचाळीस इंचावर बघतो तुला! तुझ्या पायाचं नख दिसंल मला!"

"पन पप्पा, मी पयल्यांदाच..."

"आगं, समद्या गल्लीला आवतान दिलंय मी! तू निस्ती खेळ!"

पलीकडून दिशा "बरं" म्हणाली. सहादेवला ते "बरं" आनंदाचं वाटलं. भागिरथीला वाटलं नाही, पण तिनं शुक्रवारपासून नवऱ्याशी अबोला धरला होता. भावाची केबल नको म्हणजे भाऊ नको, भाऊ नको म्हणजे माहेर नको, असा तिचा सरळ हिशोब होता. जुना टीव्ही तिनं स्वतः उचलून स्वयंपाकघरात नेला, त्याला भावाची केबल जोडली आणि भाकरी थापता थापता त्याचा आवाज असा वाढवला, की ओसरीवरच्या नव्या टीव्हीतली माणसं नुसती तोंडं हलवताना दिसायची.

सहादेव आवाज वाढवी. भागिरथी आवाज वाढवी. शनिवारी म्हशीनं दूध दिलं नाही.

रविवारी चारला सहादेवनं सतरंज्या अंथरल्या, युट्यूब लावून ठेवलं. नगरचं मैदान स्वच्छ दिसत होतं. कुणीतरी चुन्यानं रेषा मारत होतं, तेसुद्धा दिसत होतं. सहादेवची छाती फुगली. तेवढ्यात आतून बँडबाजा सुरू झाला. भागिरथीच्या मालिकेतलं लग्न होतं, चांगला दोन तासांचा महाएपिसोड!

"आवाज बारीक कर!" सहादेव ओरडला.

आतल्या बँडबाज्याचा आवाज आणखी दोन काड्या वर गेला.

"मी सांगतोय, बारीक कर!"

"माज्या भावाची केबल हाय," भागिरथी तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली, आणि नेमकं हेच बोलली. "तुमाला तिच्याशी काय करायचंय?"

सहादेवच्या डोक्यात सणक गेली. त्यानं खुंटीवरची पक्कड काढली आणि तो तीन-तीन पायऱ्या टाकत गच्चीवर गेला. गच्चीवरच्या लोखंडी पाइपाला काळ्या तारांचा जुडगा बांधलेला होता. त्यातली कुठली आपली, कुठली कुणाची, हे बघायला डोकं ठिकाणावर लागतं. सहादेवनं जुडगा डाव्या हातात धरला आणि उजव्या हातानं कचाकच तोडला. "वाजव आता बँड!" तो खाली बघून गरजला.

बँड बंद झाला. केवढी शांतता! सहादेव मिश्यांवरून हात फिरवत जिना उतरला, ओसरीवर आला आणि थबकला. त्रेचाळीस इंचांवर एक पांढरं चाक गरागरा फिरत होतं. मैदान नाही, चुन्याच्या रेषा नाहीत, काही नाही. कंपनीच्या माणसानं नवी तार केबलच्याच जुडग्याला बांधून आणली होती. सहादेवनं केबलबरोबर आपलं इंटरनेटही कापलं होतं!

हे त्याच्या डोक्यात शिरतंय न शिरतंय तोच दारात राहीबाई उभी राहिली. राहीबाई गल्लीतली सगळ्यात थोरली. तिचा नवराही तिला विचारूनच खोकायचा.

"सहादेवा, टीव्ही गेला रं! अंतरपाट निघायच्या टायमाला गेला! बघ की जरा."

तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कडेवर पोर. सगळ्या गल्लीतली केबल गेली होती. जाणारच! सुनीलनं सहा वर्षांपूर्वी "दाजी, तुमची गच्ची सगळ्यात उंच" असं म्हणून अकरा घरांची मुख्य पेटी त्याच पाइपाला ठोकली होती आणि सहादेवनं तेव्हा त्याबद्दल गावभर फुशारकीही मारली होती.

"उंदीर आसंल," सहादेव म्हणाला. "उंदरानं कुरतडली आसंल."

राहीबाईनं त्याच्या हातातल्या पकडीकडे बघितलं. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"लई मोठा उंदीर दिसतोय," ती म्हणाली.

साडेचार वाजले होते. सहादेव पुन्हा गच्चीवर पळाला आणि त्याच्यामागे अख्खी गल्ली गच्चीवर चढली. नव्या तारेच्या आत केसाएवढा काचेचा धागा निघाला. त्यानं तो दुसऱ्या धाग्याला पीळ देऊन जोडायला घेतला तर तो मोडला. चिकटपट्टी लावली, पुन्हा मोडला. कंपनीला फोन केला तर एक बाई गोड आवाजात म्हणाली, की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. हे तिनं नऊ वेळा सांगितलं. मग फोनवर खरा माणूस आला आणि म्हणाला, चार दिवसांनी येतो.

"चार दिवस! आरं, माझी पोरगी पाच वाजता खेळतीय!"

"तक्रार नोंदवली आहे, सर. धन्यवाद."

मोबाईलवर बघावं तर गावात रेंज होती ती फक्त बोलण्यापुरती. सहादेवनं फोन उंच धरला, टाकीवर चढून धरला. चाक फिरतच राहिलं. पाचला पाच कमी असताना भागिरथी वर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात मिरची.

"मला पोरीला बघायचं हुतं. तुमी म्हनले नगरला जायचं न्हाई, मी गप बसले. आता हितं पन न्हाई! लावा सुनीलला फोन!"

"त्याला? मेलो तरी न्हाई!"

अकरा घरांच्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. एकजण पदर खोचत होती. सहादेवनं फोन लावला.

"सुनील्या! आत्ताच्या आत्ता ये! गच्चीवरची तार तुटलीय!"

पलीकडून प्रचंड गलका ऐकू आला. शिट्ट्या, ढोल, आणि त्यात सुनीलचा आवाज, "दाजी, कसा येऊ? मी नगरला हाय! दिशाच्या मॅचला! तुमी कुठं बसलाय? मी कवाचा हुडकतोय तुमाला!"

राहीबाईनं सहादेवच्या हातातून फोन ओढून घेतला, स्पीकरवर टाकला आणि पाण्याच्या टाकीवर ठेवला. "सुनील, आमी समदे घरी हाय रं बाबा, अन तुज्या दाजीनं केबल, इंटरनेट समदं कापलंय. काय दिसतंय ते सांग!"

आणि मग गल्लीनं दिशाची सेमी फायनल ऐकली. त्रेचाळीस इंचांचं आवतण देऊन बोलावलेली माणसं सिमेंटच्या टाकीभोवती डोकी जुळवून उभी होती.

"निघाली! दिशा निघाली चढाईला! आयोऽऽ! आरं आरं आरं! धरली! धरली!"

"कुनी कुनाला धरली?" सहादेव ओरडला.

"सुटली! गेली गेली गेली! लई भारी!"

"कुठं गेली? आरं नीट सांग की मेल्या!"

पण सुनील टाळ्या वाजवत होता, आणि टाळ्या वाजवायला फोन खिशात घालत होता, त्यामुळे अर्धी मॅच त्याच्या खिशातूनच ऐकू आली. सहादेव टाकीवर बुक्क्या मारत होता. वीस हंगाम त्याचा आवाज सगळ्या तालुक्यानं ऐकला, आणि आज एक माणूस ऐकत नव्हता! शेवटी सुनील किंचाळला, "जिकलो! उद्या अकराला फायनल!" भागिरथी रडायला लागली. सहादेवचेही डोळे भरले, पण तो "धूर हाय" म्हणाला. धूर कुठंच नव्हता.

"उद्या मी जानार," भागिरथी म्हणाली. "आता मला कुनी आडवून बगा."

"आपन दोघं जाऊ," सहादेव पहिल्यांदाच हळू बोलला.

"दाजी," टाकीवरचा फोन बोलला, "सकाळी माज्या कामावरचा महेंद्र येतोय. तो दोनी तारा जोडंल, त्याच्याकडं मशीन हाय. इंटरनेट तर मी बी देतो, तुमी इचारलंच न्हाई. पन घर उघडं पायजे, अन काय काय कापलंय ते दावायला मानूस पायजे."

सगळ्यांनी सहादेवकडे बघितलं.

"ज्यानं तोडलं त्यानं थांबायचं," राहीबाईनं निकाल दिला. "माजं लगीन आर्धं राह्यलंय. केबल जोडल्याबिगर तू उंबऱ्याभायेर पाय टाकायचा न्हाईस."

सहादेव तणतणला, आदळआपट केली, कुणाच्या बापाला भीत नाही म्हणाला. सकाळी सात वाजता दारात टेम्पो लागला. भागिरथी नवं लुगडं नेसून पुढं बसली. आणि टीव्ही नसलेल्या घरात बसून करायचं काय, म्हणून मागं राहीबाई चढली, तिच्यामागे पिठाच्या हाताची, कडेवर पोर असलेली, त्यांचे नवरे, सासवा, सगळी अकरा घरं चढली! टेम्पो वळणावर दिसेनासा झाला. गल्लीत सहादेव आणि एक कुत्रं उरलं.

"आरं, मग मी केबल कुनासाठी जोडून घेतोय?" त्यानं कुत्र्याला विचारलं. कुत्रं उठून सावलीला गेलं.

महेंद्र आला सव्वाअकराला. चाळिशीचा, सावकाश माणूस. आधी चहा प्यायला, मग तारा बघितल्या, मग म्हणाला, "उंदीर न्हाई ह्यो." सहादेवनं त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघितलं आणि निमूटपणे शिडी धरली. पावणेबाराला खाली ओसरीवर एकदम ढोल वाजला. तो पडत-झडत खाली धावला.

त्रेचाळीस इंच लखलखत होते! शेवटची चढाई होती आणि दिशाच निघाली होती. किती मोठी दिसत होती! तिनं दोघींना शिवलं, तिसरीच्या हातातून सुटली, रेषेवर झेपावली, आणि मैदान उसळलं. जिल्हा जिंकला! दिशा उठली ती थेट कठड्याकडे धावली आणि कॅमेरा तिच्यामागे धावला. कठड्यापाशी भागिरथी होती. तिनं पोरीला पोटाशी धरलं. राहीबाई कानशिलावर बोटं मोडत होती, सुनील दोन्ही हात वर करून नाचत होता, मागं सगळी गल्ली नाचत होती. दिशा आईच्या खांद्यावरून मान उंच करून एकेक चेहरा बघत होती. कुणालातरी शोधत होती.

"दिशेऽऽ! ए दिशे!" सहादेव टीव्हीला दोन्ही हात लावून ओरडला. "मी हितं हाय गं!"

दिशा अजून शोधतच होती. वरून महेंद्रनं गच्चीच्या कठड्यावरून वाकून विचारलं, "दाजी, चित्र क्लिअर हाय ना?"

"हाय की!" सहादेव खेकसला. "मला सोडून समदी गल्ली क्लिअर दिसतीय!"