घर ऐकतं

पडदा बदलला होता.

समुद्रावरून परतल्यावर तान्ह्या लेकीच्या, ठमीच्या, मांड्यांवरची वाळू झाडता झाडता तिचं तिकडे लक्ष गेलं आणि हात जागच्या जागी थांबला. सकाळपर्यंत खिडकीला काळपट जांभळा पडदा होता. आता तिथं पिवळा, फुलाफुलांचा झुळझुळत होता.

"तू बदललास?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी? खिडकीला पडदा होता हेच मला आत्ता कळतंय."

हे खोटं नव्हतं, तो त्यातलाच होता. पण आदल्या दिवशी ती वैतागून म्हणाली होती, "या पडद्यानं घराला सुतकी कळा आलीय." तेही मराठीत. आणि या परक्या गावात मराठी कळणारं माणूस औषधालाही नव्हतं.

नवऱ्याच्या नोकरीपायी इथं येऊन तीन आठवडे झाले होते. फोनवर बहीण म्हणायची, "मजा आहे बाई, बारा महिने सुट्टी!" इकडे दुपारी ऊन असं पांढरंफटक पडायचं की रस्त्यावर सावलीसुद्धा फिरकत नसे, आणि बोलायला होती आठ महिन्यांची ठमी. एकच चैन होती. बसमध्ये, दुकानात, कुणाच्याही तोंडावर दोघं खुशाल मराठीत काय वाटेल ते बोलत. भांडणंही खिडक्या उघड्या टाकून.

मग फांदीचं झालं. "ही फांदी काचेवर नखं ओढल्यासारखी वाजते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी फांदी नव्हती. "पाजताना पाठीला लोड हवा होता गं ठमे," ती म्हणाली. समुद्रावरून येऊन बघते तर पलंगावर लोड. मधोमध कुणी टेकून बसल्यासारखा खड्डा, आणि कापड अजून कोमट.

नवरा हसला. "घर ऐकतंय तर गाडी माग की!" मग छताकडे बघून म्हणाला, "आणि वरच्या वाळक्या काकडीला जरा हसायला शिकव म्हणावं."

वाळकी काकडी म्हणजे वरच्या मजल्यावरची घरमालकीण. उंच, सुकलेली म्हातारी. भेटली की नुसती मान हलवायची, तोंडातून शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं डोक्याला साबण लावला आणि नळाचं पाणी गेलं. फक्त त्याच नळाचं. अर्धा तास तो फेसात उभा राहिला. बाहेर आला तेव्हा हसत नव्हता.

"ज्या घराला कान आहेत तिथं मी माझं लेकरू झोपवणार नाही," ती म्हणाली.

"मग शनिवारची तिकिटं काढतो. तुम्ही दोघी पुढे व्हा. मला करार सोडून येता येत नाही."

"म्हणजे किती दिवस?"

"वर्ष."

वर्षभरात ठमी चालायला लागली असती, बोलायला लागली असती. बापाला काका म्हणाली असती.

शुक्रवारी दुपारी तिनं बॅग भरली, ठमीला अंघोळ घातली, टॉवेलात गुंडाळून बाहेर आणलं. बॅग रिकामी होती. ठमीचे फ्रॉक कपाटात होते, घड्या घालून, लहानावर लहान, मोठ्यावर मोठे. दाराचं लॅच लागलेलं, तसंच.

डोक्यावरची फळी करकरली. आणि वरून भरड्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"डोकं पूस आधी पोरीचं."

ठमीला छातीशी धरून ती जी सुटली ती थेट अंगणात. वाळू तव्यासारखी तापलेली, आणि पायात काही नाही. एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत तिनं वर पाहिलं. जिन्यावर घरमालकीण उभी.

"अनवाणी कुठं पळतेस मूर्खासारखी?"

चटके विसरून ती उभीच राहिली. म्हातारी मराठी बोलत होती!

"माझा नवरा तुमचा," म्हातारी म्हणाली. "तुमच्या बोलीचा. तीस वर्षं बडबडला. मी ऐकत बसायचो." तिची सगळी मराठी त्याचीच होती, मधला खाकराही बहुतेक त्याचाच. "तो गेला. सहा वर्षं घर गप्प. मग तुम्ही आलात. भांडलात. बरं वाटलं."

"मग... मग बोलला का नाहीत कधी?"

"बोललो असतो तर तुम्ही कुजबुजला असता."

"आणि ते पाणी?" तिनं विचारलं.

"काकडी म्हणाला," म्हातारी शांतपणे म्हणाली. मग खाली येऊन तिनं पदर असावा तशी आपल्या झग्याची कड धरली आणि ठमीचं डोकं पुसलं. "किल्ली आहे माझ्याकडे. चुकलो. पण बॅग बघवली नाही."

संध्याकाळी नवरा तिकिटं घेऊन आला. तिनं सगळं सांगितलं. तीन आठवड्यांत आपण त्या खोलीत काय काय बोललो ते आठवत तो पलंगावर बसला. कान लाल झाले होते.

"बाप रे," तो कुजबुजला. "आता?" मग आणखी हळू म्हणाला, "तिकिटं रद्द करू?"

वर फळी वाजली नाही. पाऊल नाही, खाकरणं नाही. कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी शांतता होती. इतके दिवस याच शांततेला ती घाबरत होती. तिनं झोपलेल्या ठमीकडे बघितलं, उठून खिडकी सताड उघडली आणि कमरेवर हात ठेवले.

"रद्द कर!" ती कडाडली. "आणि ओला टॉवेल परत पलंगावर? किती वेळा सांगायचं रे तुला?"

"अगं, पण तो टॉवेल तूच—"

"मोठ्यानं बोल!"

त्यानं छताकडे पाहिलं, घसा साफ केला. "तूच टाकलास!" तो ओरडला.

वर एक खुर्ची सरकत सरकत आली, बरोब्बर त्यांच्या डोक्यावर थांबली, आणि तिच्यात कुणीतरी ऐसपैस बसलं.