न खोकणारी गाडी

जेवताना तपासनिसांनी पाण्याचा ग्लास टेबलाच्या कडेपासून आत सरकवला आणि जाहीर केलं, "मी हायब्रिड गाडी घ्यायचा विचार करतोय. छोटी. सगळ्यांचं मत हवंय."

समोरच्या तिघांचे घास हातातच राहिले.

ग्लास आत सरकवणं हा तपासनिसांचा नुसता स्वभाव नव्हता, धंदा होता. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचं काम. कोण कुठे कसं पडलं, कुणाचा पाय कशावरून घसरला, हे दिवसभर ऐकून हा गृहस्थ घरी यायचा तो फरशीकडे बघतच. ओली फरशी, दुमडलेली सतरंजी, पायात येणारी वायर. घरात पळायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही. "अहो, श्वास घेतला तर चालेल का?" असं बायकोने एकदा विचारलं, तेव्हा ते खरंच जरा विचारात पडले होते.

त्यांचे वडील, अण्णा, जन्मभर रंगारी. सगळी उमर शिडीवर गेली. मागे एकदा त्यांना गेटपाशी जराशी चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, नाश्ता चुकला असेल. पण तपासनिसांनी त्याच दिवशी शिडी कपाटामागे टाकली आणि अण्णांना खुर्ची दिली. अण्णा खुर्चीत बसले ते बसलेच. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. घ्यायला कुणी न आलेल्या पार्सलसारखा माणूस नुसता कोपऱ्यात पडून. सूनबाईंना ते बघवेना. एका दुपारी त्यांनी स्वतःच शिडी बाहेर ओढली आणि म्हणाल्या, "अण्णा, या बैठकीच्या खोलीच्या छताचं काही करता येईल का?"

अण्णा बराच वेळ वर बघत राहिले. "जन्मभर लोकांची छतं पांढरी केली," ते म्हणाले. "एकदा आभाळ करायचं राहिलंय."

तेव्हापासून रोज दुपारी बैठकीत आभाळ चालू होतं. बाबा घरात नसले की घरभर चाकांचे बूट घालून फिरणारी नात, जिला सगळे भिंगरी म्हणत, शाळेतून आली की शिडी धरायची. रंगाचा वास झाकायला सूनबाई कॉफी अशी काही कढवायच्या की वासाने स्वतःहून घर सोडावं. अण्णा पुन्हा दोन पोळ्या जास्त खायला लागले होते, शिट्टी वाजवायला लागले होते. आणि पकडले जायची भीती नव्हती, कारण तपासनिसांची जुनी गाडी कोपऱ्यावरच्या चढाला लागली की खोकायची. आधी घरघर, मग दोनदा खोकला, मग एक लांब उसासा. तेवढ्यात अण्णा खाली, शिडी कपाटामागे, ब्रश डब्यात, जमिनीवरचे कागद गोळा. तपासनीस यायचे, फरशी तपासायचे आणि निर्धास्तपणे कडू कॉफी प्यायचे. डोक्यावर अर्धं आभाळ झालं होतं, पण या माणसाने वर बघितलं असेल तर शपथ.

आणि आता म्हणे हायब्रिड. म्हणजे खोकला बंद. म्हणजे शिडी बंद, आणि अण्णा परत खुर्चीत.

"पण आहे ती गाडी काय वाईट आहे?" सूनबाईंनी विचारलं.

"खोकते."

"खोकते म्हणजे जिवंत आहे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, फायदे तर ऐका. पेट्रोल कमी लागतं. धूर कमी. ब्रेक मारला की त्यातूनच बॅटरी चार्ज होते, बाहेरून वायर लावायला नको. लहान आहे, कुठेही उभी करता येते."

"लहान आहे म्हणजे ट्रकवाल्याला दिसायची नाही."

तपासनीस चपापले. वडिलांच्या तोंडून धोक्याची सूचना? त्यांना भरूनच आलं.

"आणि बाबा, एक इंजिन, एक मोटर," भिंगरी म्हणाली. "म्हणजे बिघडायला दोन गोष्टी."

"बरोबर आहे तुझं. मीही तोच विचार करत होतो."

"बॅटरी गेली तर?" सूनबाई म्हणाल्या.

"वॉरंटी आहे."

"वॉरंटी गेली तर?"

वॉरंटीच्या वॉरंटीचा विचार तपासनिसांनीसुद्धा केला नव्हता.

"आणि तिला आवाज नसतो म्हणे," सूनबाई अखेर मुद्द्यावर आल्या.

"हळू चालवली तर इंजिन बंदच असतं. नुसती बॅटरी. दारात येऊन उभी राहिली तरी कळणार नाही तुम्हाला."

अण्णांना ठसका लागला. भिंगरीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"हे मला पटत नाही," सूनबाई म्हणाल्या. "माणूस येतोय हे समोरच्याला कळायला नको? रस्त्यावरच्या लोकांचं म्हणतेय मी."

"त्याची सोय केलेली असते. हळू असताना बारीक गुंई असा आवाज येतो. मुद्दाम बसवलेला."

"किती लांबून ऐकू येतो?" तिघांनी एकदम विचारलं.

"अगदी जवळ आल्यावर."

"नाही पुरायचं," अण्णा म्हणाले.

"कशाला नाही पुरायचं?"

"बाजूला व्हायला," सूनबाईंनी सांभाळून घेतलं. "म्हाताऱ्या माणसाला बाजूला व्हायला वेळ लागतो."

तपासनिसांनी मान डोलावली. आपल्या शिकवणीचं चीज झालं, असं त्यांना वाटलं. चिंता मात्र दुप्पट झाली, कारण आत्तापर्यंत ते एकटेच काळजी करत होते.

पुढचे दिवस त्यांनी स्वतःचं आणि शोरूमवाल्याचं डोकं खाल्लं. ब्रेक मारून बॅटरी चार्ज होत असेल, तर वाटेत ब्रेक मारायची वेळच आली नाही तर? इंजिन आपणहून बंद होतं, तर आपणहून चालू व्हायला विसरलं तर? इकडे घरी अण्णांचा हात भरभर चालायला लागला. "घाई नका करू," सूनबाई म्हणायच्या. "घाई नको तर काय करू?" अण्णा म्हणायचे. "एक कोपरा राहिलाय आणि सगळी पाखरं."

मग एक दिवस जुन्या गाडीने ऑफिसच्या फाटकातच मान टाकली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, पाहिलं आणि हळूच परत लावलं. "साहेब, आता हिला त्रास देऊ नका," तो म्हणाला. शोरूमवाल्याला बातमी कळायचा अवकाश, त्याने ट्रायलची छोटी हायब्रिड थेट ऑफिसात पाठवली. "घरच्यांना बसवून फिरवून आणा, सर. आवाज शोधून सापडायचा नाही." अनोळखी गाडी, त्यात पुढे अंधार पडायचा, म्हणून तपासनीस लवकरच निघाले.

कोपऱ्यावरचा चढ गाडी लोण्यासारखी चढली. गेटपाशी थांबून त्यांनी बटण दाबलं, पण गाडी बंद झाली की आधीपासूनच बंद होती, हे कळेना. पुन्हा दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं. मग त्यांनी सहज खिडकीकडे पाहिलं.

बैठकीत शिडी उभी होती. शिडीच्या टोकावर त्यांचे वडील होते. शिडी धरून त्यांची मुलगी उभी होती आणि तिच्या पायात चाकांचे बूट होते.

तपासनिसांच्या तोंडचं पाणी पळालं. ते गाडीतून उतरून दाराकडे धावले आणि अर्ध्यातच थांबले. माणूस शिडीमुळे पडत नाही, कुणीतरी एकदम ओरडल्यामुळे पडतो, हे ते स्वतःच ऑफिसात नव्या लोकांना शिकवायचे. ओरडायचं नाही. दार वाजवायचं नाही. हॉर्न तर नाहीच नाही. हॉर्नने दचकून पडलेल्या एकाचा दावा त्यांनीच मंजूर केला होता. ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि घामाघूम झाले. आतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"अण्णा, त्यांना दाखवायचं कधी?" सूनबाई विचारत होत्या.

"त्याने वर बघितलं तर दाखवणार ना," अण्णा म्हणाले. "लहानपणी माझी शिडी तोच धरायचा बरं का. इतकी घट्ट धरायचा, पायासकट. मला उतरताच यायचं नाही."

तिघं हसली. अण्णा तर असे हसले की शिडी हलली. बाहेर तपासनिसांचं काळीज हललं. पण वडिलांना असं हसताना त्यांनी किती दिवसांत ऐकलं नव्हतं, हेही त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं, आणि ते फार लागलं त्यांना.

"खोकला यायची वेळ होत आली," भिंगरी म्हणाली.

"येईल. खोकला आला की उतरतो."

तपासनिसांना सगळं कळलं. वडील नीट, सावकाश, न दचकता खाली यायचे असतील तर एकच उपाय होता. ते गाडीत बसले आणि उलटे मागे निघाले. गाडी आतल्या आत टुंगटुंग वाजायला लागली, तशी "शू, शू" करत त्यांनी ती कोपऱ्यापर्यंत नेली. तिथून मुद्दाम जोरात चढ चढायचा, तर वेग वाढून परत दारात. जागेवरच पाय दाबून पाहिला. इंजिन मांजरासारखं गुरगुरलं आणि गप्प बसलं. त्यांनी शोरूमवाल्याला फोन लावला.

"या गाडीचा आवाज कसा काढायचा?"

"आवाज येतोय? नाही यायला पाहिजे, सर. कुठून येतोय?"

"येत नाहीये, हीच तक्रार आहे."

"सर, ती तर खासियत आहे."

"मला खोकल्यासारखा हवाय. चढावर येतो तसा. मागून एक उसासा."

"सर, तुम्ही बरे आहात ना? गाडी बाजूला घेतलीय ना?"

तपासनिसांनी फोन ठेवला. शेजारच्या सीटवर गाडीचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं, वर ठळक अक्षरांत 'शांततेचा अनुभव'. त्यांनी ते उचललं, त्याची सुरळी केली, खाली उतरले, भोंगा घराच्या दिशेने धरला आणि खोकले. फारच माणसासारखं झालं. मग पोटातून घरघर काढली. दोनदा खोकले. शेवटचा उसासा काढावा लागला नाही, तो आपोआपच आला.

"ओला आहे की कोरडा?"

मागे शेजारच्या सिस्टर उभ्या होत्या. नोकरी संपून वर्षं झाली, पण हात अजून दुसऱ्याच्या नाडीकडेच.

"कोरडा," तपासनीस म्हणाले.

"कधी येतो?"

"चढावर."

घरात पोहोचले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. अण्णा खुर्चीत, कानाच्या पाळीवर निळा ठिपका. कॉफी उकळत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तपासनिसांना खाली बघायला कष्ट पडत होते, मान आपोआप वर जात होती. फरशीवर रंगाचा एक थेंब दिसला. त्यांनी त्यावर पाय ठेवला.

सूनबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही कुठली गाडी?"

"हायब्रिड. ट्रायलला दिलीय."

"पण बाबा, खोकला तर..." भिंगरी म्हणाली आणि आईचा चिमटा बसताच थांबली.

"येतो. चढावर येतो," तपासनीस कॉफीत बघत म्हणाले. "अगदी जुन्या गाडीसारखा. मी स्वतः ऐकला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मग चांगली आहे की," अण्णा म्हणाले. "लहान आहे, कुठेही उभी राहील." बॅटरीला वॉरंटी आहेच, असं सूनबाई म्हणाल्या. आणि ट्रकवाल्यांना हल्ली चष्मे असतात, असं भिंगरीने सांगितलं.

गाडी घेतली. रोज संध्याकाळी तपासनीस कोपऱ्यावर थांबायचे, माहितीपत्रकाचा भोंगा करायचे, खोकायचे आणि आत सगळं आवरून होईपर्यंत जीव मुठीत धरून तिथेच उभे राहायचे. दुपारी ऑफिसात फोन वाजला की आधी घरचा नंबर नाही ना, ते बघायचे. बोलायची मात्र सोय नव्हती. शिडीच्या पायांना एकाएकी नवे रबर बसले. सूनबाईंना वाटलं अण्णांनी बसवले, अण्णांना वाटलं सूनबाईंनी. भिंगरीच्या बुटांची चाकं कुरकुरतात म्हणून तपासनिसांनी ते दुरुस्तीला नेले, ती दुरुस्ती काही संपेना.

शेवटचं पाखरू चालू होतं, त्या दिवशी संध्याकाळच्या सुमाराला सिस्टर औषधाची बाटली घेऊन आल्या. दार उघडंच होतं. "तपासनिसांना द्या," त्या म्हणाल्या. "जेवणानंतर. रोज कोपऱ्यावर गाडी थांबवतात, कागदाचा भोंगा करतात आणि त्यातून खोकतात बिचारे. मग घराकडे बघत उभे राहतात. इतकी वर्षं वॉर्डात काढली, पण असा खोकला नाही पाहिला." त्यांनी वर पाहिलं. "छान झालंय हो आभाळ."

त्या गेल्या. अण्णांनी शिडीच्या पायांकडे पाहिलं, नव्या रबरांकडे, मग नातीच्या अनवाणी पायांकडे.

तेवढ्यात कोपऱ्यावरून घरघर ऐकू आली. मग दोनदा खोकला, मग उसासा.

"अण्णा, उतरताय ना?" सूनबाईंनी हळूच विचारलं.

"नको. पाखरू अर्धं राहील."

बऱ्याच वेळाने तपासनीस आत आले, नेहमीसारखे खाली बघत. आधी त्यांना शिडीचे पाय दिसले. मग वरच्या पायरीवर वडिलांचे पाय. मग त्यांना वर बघावंच लागलं. निळं आभाळ, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि एका कोपऱ्यात पाखरांची रांग. त्यांचे डोळे भरून आले.

"आलास?" अण्णा मागे न बघता म्हणाले. "बाटली ओट्यावर आहे, ती नंतर घे. आधी शिडी धर. आणि लहानपणी धरायचास तशी नको. मला उतरता आलं पाहिजे."

भिंगरी बाजूला झाली. तपासनिसांनी शिडी धरली. पायासकट धरली.