सगळं पोटात घालणारी नीलाई

एका जंगलात एक नदी होती. आता हाताची घडी घाला, बालमित्रांनो, आणि 'नदी तर सगळ्याच जंगलांत असते' असं मध्येच म्हणू नका. असते ना, पण राहते का?

तिचं नाव नीलाई. पूर्वी तिला सगळे नुसती नदी म्हणत. तेव्हा तिच्यात कुणी घाण केली, तर सिंहमहाराज त्याचा कान पिळत.

पुढे अस्वलरावांनी काठावर कारखाना काढला. म्हाताऱ्या वाघांचे पिकलेले पट्टे तिथे काळे करून मिळत. धंदा जोरात चालला. पण उरलेला रंग टाकायचा कुठे? अस्वलराव तरसशास्त्रींकडे गेले. शास्त्रीबोवा जंगलात सर्वांत विद्वान. म्हणजे त्यांना सर्वांत जास्त म्हणी पाठ होत्या.

"नदी म्हणजे कोण?" शास्त्रीबोवांनी विचारलं.

"नदी," अस्वलराव म्हणाले.

"चूक! नदी म्हणजे आई. आणि आई लेकरांचे अपराध काय करते?"

"काय करते?"

"पोटात घालते!"

त्याच दुपारी रंगाची पिंपं आईच्या पोटात गेली.

मग सगळ्यांनाच आईचा उमाळा आला. रानडुकरांनी वस्तीचा नाला तिच्याकडे वळवला. माकडं निर्माल्य वाहू लागली, तेही पिशवीसकट. रोज आरती होई, आणि आरतीनंतरचा कचराही तिच्याच पोटात जाई.

मासे उताणे होऊन तरंगू लागले. "आईच्या कुशीत झोपलेत," शास्त्रीबोवा म्हणाले. एके दिवशी पाण्यावर पांढराशुभ्र फेस आला. "आईला पान्हा फुटला!" म्हणत सगळे नाचले.

नाचली नाही ती एकटी चंद्राबाई पाणमांजर. तिची दोन पिल्लं होती. तो पान्हा पिऊन धाकटं पिल्लू आजारी पडलं होतं. त्याचे डोळे चिकटले होते आणि पोटात काही ठरत नव्हतं. मुलांच्या गोष्टीत असलं पिल्लू येऊ नये. मला सांगतानाही वाईट वाटतं. पण होतं, त्याला मी काय करू?

चंद्राबाईनं पिल्लू काखेत घेतलं, करवंटीत नदीचं पाणी घेतलं आणि ती दरबारात गेली.

"महाराज, हे बंद करा. माझं लेकरू जाईल हो."

"अगं, आईचं दूध कधी बाधतं का?"

"मग घ्या की दोन घोट," तिनं करवंटी पुढे केली.

महाराजांनी करवंटीत पाहिलं. वर फेस, खाली काळंकुट्ट.

"घेतलं असतं गं," महाराज म्हणाले, "पण आज माझी निर्जळी एकादशी."

चंद्राबाईनं करवंटी अस्वलरावांपुढे धरली. त्यांचीही निर्जळी. रानडुकरांची निर्जळी, माकडांची निर्जळी. शास्त्रीबोवांची तर सोडायची तिथीच ठरलेली नव्हती. त्या दिवशी चतुर्थी होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या घशाला कोरड पडली. उपवास सोडायला अख्खं जंगल डोंगरापलीकडच्या नदीवर गेलं. काचेसारखं पाणी! चंद्राबाईच्या धाकट्यानं आठ दिवसांनी डोळे उघडले. चंद्राबाई ढसाढसा रडली.

"हिला काय म्हणायचं?" महाराजांनी विचारलं.

शास्त्रीबोवांना म्हण पाठच होती. "माय मरो, मावशी जगो! ही मावशी."

मावशीकडे आलेले पाहुणे कसे वागतात, ठाऊक आहे ना? सगळे पाय धुऊन पाण्याजवळ जात. आठवडाभर तिच्यात कुणी वाळकं पानसुद्धा टाकलं नाही.

नवव्या दिवशी अस्वलराव एक पिंप गडगडत घेऊन आले.

"शास्त्रीबोवा, मावशी म्हणजे कोण हो?"

शास्त्रीबोवांनी नदीकडे पाहून हात जोडले. "मावशी म्हणजे दुसरी आईच की!"

चंद्राबाईनं ते ऐकलं. तिनं दोन्ही पिल्लं उचलली आणि ती पुढच्या डोंगराकडे निघाली.

"आई, कुठे चाललो आपण?" धाकट्यानं विचारलं.

"हळू बोल," चंद्राबाई म्हणाली. "आणि चारचौघांत मला आई म्हणू नकोस."

तात्पर्य : नदीला आईच म्हणावं. परकी म्हटली, तर स्वच्छ ठेवावी लागते.