तीस धडधाकट अळ्या

“माझ्या औषधाने एक जरी अळी दगावली, तर पैज हरलो म्हणून सांग!” प्रोफेसरने जेवता जेवता जाहीर केलं. तो अजून कुणाचाच प्रोफेसर नव्हता. तीन वर्षं प्रयोगशाळेत डोकं झिजवून पीएचडीच्या दारात ताटकळत होता. पण घरात सगळे त्याला प्रोफेसरच म्हणत. ताई तर मुद्दाम म्हणे.

“अळ्यांना कसलं रे औषध?” तिने विचारलं.

“माणसाआधी कुणाला तरी टोचून बघावंच लागतं ना! मेणकिड्याची अळी त्याला उत्तम. आधी जंतू टोचायचे, मग औषध. आजारली की काळी पडते, वाचली तर गोरीपान!”

“म्हणजे आधी आजारी पाडायचं, मग बरं करून मिरवायचं. त्यापेक्षा आपले डॉक्टर बरे. पहिलं काम ते आपल्यावर सोडतात.”

औषध लागू पडलं तर त्याच्या मार्गदर्शक मॅडम प्रबंध लिहायची परवानगी देणार होत्या. नाही तर पुन्हा श्रीगणेशा!

सोमवारी त्याने तीस अळ्यांना जंतू टोचले. मग दहांना औषध, दहांना मिठाचं पाणी, दहांना काहीच नाही. चौथ्या दिवशी औषधाची बशी उघडली, तर दहाच्या दहा जिवंत! शाळा सुटल्यासारख्या धावत होत्या! बाकीच्या बशा कोण बघतो? वाटेत भेटेल त्याला, अगदी लिफ्टमनलासुद्धा, बातमी देत तो मॅडमना घेऊन आला.

“वा!” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी बशी उघडली. मिठाच्या पाण्यावरही दहाच्या दहा जिवंत. “हे काय?”

“मीठ गुणकारी दिसतंय, मॅडम.”

तिसरी बशी. ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्या सगळ्यांत गुबगुबीत! “आणि हे?”

“इच्छाशक्ती, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढला. “अळ्या आणल्यास कुठून?”

नेहमीच्या पुरवठादाराकडे महिनाभर थांबावं लागणार होतं. म्हणून पठ्ठ्याने त्या मासे पकडायचे गळ आणि आमिष विकणाऱ्या काकांकडून उचलल्या होत्या!

तो तडक दुकानात गेला. “काका, तुमच्या अळ्या मरत का नाहीत?”

काकांची छाती फुगली. “बावीस वर्षं झाली धंद्याला! मरतुकडा माल ठेवतच नाही. त्यांच्या खाण्यातच अँटिबायोटिकची पूड कालवतो. अगदी जन्मापासून!”

प्रोफेसर मटकन स्टुलावर बसला. “अहो, मी त्यांना भयंकर जंतू टोचले होते!”

“किती जणींना?”

“तिसांना.”

“गेल्या किती?”

“एकही नाही.”

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतः उठून त्याला चहा पाजला.

प्रयोग पहिल्यापासून सुरू झाला. पण प्रोफेसरचा पहिला निष्कर्ष आठवड्याभरात प्रसिद्धही झाला! दुकानाच्या दारावर, वीतभर अक्षरांत: ‘प्रयोगशाळेत पारखलेल्या अळ्या! जंतू टोचले, तरी एकही मेली नाही!’ खाली त्याचं नाव, वडिलांच्या नावासकट.

भांडायला म्हणून तो ताईला घेऊन गेला. ताईने फोन बाहेर काढला.

“जरा डावीकडे सरक, अळ्या झाकल्या जातायत.”

तो सरकला. केसही नीट केले.