केबल काढल्यावर

पेटी बोलायला लागली त्या दिवशी इंजिनिअरने अख्ख्या ऑफिसला चहा पाजला. म्हाताऱ्यांना औषधाची आठवण करून देणारी ती पेटी त्याच्या बायकोच्या आवाजात विचारायची, "आजोबा, गोळी घेतलीत का?" आवाज घुमू नये म्हणून बिचारी कपड्यांच्या कपाटात शिरून हे वाक्य बोलली होती, आणि तेव्हापासून माहेरी तिला गायिकेचा मान मिळत होता.

आवाज काढणाऱ्या चिपला चालायला घड्याळासारखे ठोके लागतात. त्यासाठी वेगळा भाग बसवायचा असतो. पण हा पडला हुशार. प्रोसेसर स्वतःचे ठोके एका पिनेतून बाहेर देतोच. तेच याने चिपला जोडले आणि भाग वाचवला. काम नसलं की बॅटरी वाचवायला प्रोसेसर आपले ठोके मंद करतो, हे मात्र ध्यानातच राहिलं नाही. राहणार तरी कसं? कॉम्प्युटरची केबल लावलेली असली की प्रोसेसर पेंगत नाही, आणि ऑफिसात ती केबल कधी कोणी काढलीच नव्हती.

केबल पहिल्यांदा निघाली ती थेट वृद्धाश्रमात, संचालिकाबाईंसमोर. हे गिऱ्हाईक गेलं तर तूही घरी बसायचं, असं साहेबांनी गाडीतच बजावलं होतं.

"आऽऽजोऽऽबाऽऽ," पेटी घोगऱ्या आवाजात रेकली, "गोऽऽळीऽऽ..."

इंजिनिअरने घाईघाईने केबल लावली. आवाज गोड. काढली. पुन्हा रेडा.

"राहू दे की लावलेली," साहेब दात आवळून कुजबुजले.

"मग प्रत्येक आजोबांना एकेक कॉम्प्युटर द्यावा लागेल, सर."

"आणि तुला काय द्यायचं ते मी ठरवलंय."

संपलं सगळं. नोकरी गेल्याचं घरी कुठल्या तोंडाने सांगायचं, याचाच तो विचार करू लागला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून एका आजोबांनी हात पुढे केला.

"द्या ती गोळी."

संचालिकाबाई बघतच राहिल्या. "अहो, हे तर आमचं कुणाचंच ऐकत नाहीत."

"ऐकू यायला हवं ना. तुम्ही सगळ्या चिवचिवता. हा गृहस्थ कसा सावकाश, भारदस्त बोलतो."

बाईंनी तिथल्या तिथे पेट्या मागवल्या. "फक्त आवाज हाच हवा. मघाचा तो बारीक नको."

"मुद्दामच तसा ठेवलाय," साहेब म्हणाले, आणि इंजिनिअरची पाठ जरा जास्तच जोरात थोपटली.

तो तरंगत घरी पोचला. दिवाणखान्यात सासूबाई, मावशी, दोन्ही मेहुण्या, सगळं माहेर कान टवकारून बसलं होतं.

"माझा आवाज आवडला ना रे त्यांना?" बायकोने विचारलं.

"म्हणजे काय, लगेच पेट्या मागवल्या."

"मग ऐकव ना सगळ्यांना."

"एक मिनिट, आधी केबल लावतो," म्हणत त्याने पेटी टेबलावर ठेवली आणि बॅगेत हात घातला. मग बॅग पालथी केली. केबल वृद्धाश्रमातच राहिली होती.

त्याने मान वर केली, तोवर सासूबाईंनी कौतुकाने पेटीचं बटण दाबलं होतं.