चौतीस अंशांची आग

आग लागायच्या आधीच मला तिचा वास येतो! निदान मोठ्या साहेबांना तरी मी तसंच सांगितलं होतं.

आमच्याकडे लाकडाचा भुसा जाळून वीज बनते. साठवलेला भुसा आतल्या आत तापतो आणि कधी पेट घेईल याचा नेम नसतो. म्हणून उष्णता दाखवणारा कॅमेरा आणला. स्वस्तातला, चित्र जरा पुसटच.

"माझ्याकडे द्या, साहेब! या टकलाखाली मेंदू आहे!"

"बघू. जमलं, तर पुढच्या महिन्यापासून तू कायम. नाही जमलं, तर..."

पुढचं त्यांच्या भुवयांनी सांगितलं.

पहिल्याच सकाळी भुशाच्या टाकीवर कॅमेरा रोखला. टाकी नवीकोरी, पत्रा आरशासारखा चकचकीत. पडद्यावर सगळं निळं, आणि मधोमध लालभडक गोळा! मी डावीकडे सरकलो. गोळाही सरकला! चालती आग!

माझी बोंब ऐकून फिटर धावत आला. "कुठंय, कुठंय?"

तो शेजारी उभा राहिला आणि दुसरा गोळा उगवला.

"पसरतेय रे!"

सुरक्षावाल्या मॅडम दोन माणसं घेऊन आल्या. पाच गोळे! शेवटी साहेब धापा टाकत पोचले, आणि सगळ्यात मोठा गोळा उगवला. पार ढेरीसकट!

"बंद करा सगळं!" साहेब किंचाळले.

भोंगा वाजला, फवारे सुटले, भट्टी विझली, गावाची वीज गेली.

मग भट्टीवाले काका आले. वीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस, घाई त्यांना ठाऊकच नाही.

"माझी भट्टी कोणी विझवली?"

"काका, टाकीत आग!"

"किती डिग्री?"

आकडा कोणी बघितलाच नव्हता! मी बघितला. "चौ... चौतीस."

"चौतीस? एवढा कोमट चहा मी ओतून देतो!" काकांनी टाकीकडे बघून हात हलवला. पडद्यावरच्या नव्या गोळ्यानेही हलवला.

साहेबांनी हळूच हात वर केला. सगळ्यात मोठ्या गोळ्यानेही केला.

"म्हणजे, ही आग..."

"तुम्हीच आहात, साहेब!" मी म्हणालो. हे मी बोलायला नको होतं.

भट्टी पुन्हा पेटायला नऊ तास लागले. कॅमेरा काकांकडे गेला. चकचकीत वस्तूवर आधी काळी चिकटपट्टी लावायची, मगच मोजायचं, असं म्हणे पुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं. पट्ट्या लावायचं काम मला मिळालं.

"सुरुवात कुठून करू, साहेब?"

त्यांनी माझ्या टकलाकडे बघितलं.